ओसोरेझानची कोजागिरी

सकाळी साडेसातला हाकोदातेच्या हॉटेलातून आमच्या दोन मोठ्या बॅगा आमच्याआधीच निघून गेल्या. काउंटरवरच्या माणसाने टेप काढली, बॅगेची लांबी, रुंदी, उंची मोजली आणि तिन्हींची बेरीज केली. बेरीज १६० सेंटिमीटरच्या आत आणि वजन २५ किलोंच्या आत बसलं. मग पावतीवर विमानाचा नंबर, तारीख आणि टर्मिनल लिहायचं. विमान १८ ऑक्टोबरला नारिताहून होतं, आणि त्या दिवशी तारीख होती १५. होक्काइदोहून टोकियोकडे सामान पोचायला दोन दिवस धरावे लागतात आणि ते आदल्या दिवशीच विमानतळावर असलेलं बरं, म्हणून पंधरालाच द्यायचं. उत्तर जपानमधून परतताना वाटेत कुठे आडबाजूला जायचं असेल तर मोठं सामान असंच पुढे पाठवून द्या. पाठीवर एक पिशवी घेऊन चार गाड्या बदलणं आणि दोन बॅगा ओढत बदलणं यात फार फरक आहे, त्यातून सोबत पासष्ट वर्षांची आई असेल तर.

आई मात्र पावतीवरचं चित्र बघत बसली होती. पिवळ्या लंबगोलात काळी मांजर, तिच्या तोंडात पिल्लू. "मानेला धरलंय, पण दात लागू देत नाही बघ," ती म्हणाली. मी हो म्हटलं आणि पैसे दिले.

जपानला आम्ही दोघीच गेलो. बाबांचे गुडघे आता साथ देत नाहीत. "तुम्ही दोघी जाऊन या, मला फोटो दाखवा," असं त्यांनीच ठरवून टाकलं. दसरा साप्पोरोत झाला. आईने हॉटेलच्या कोऱ्या कागदावर सरस्वती काढली, पिशवीतून हळदकुंकवाची पुडी निघाली, आणि खाली पसरलेलं ते आखीवरेखीव शहर बघत आम्ही दोघींनी नमस्कार केला. बाकीची सहल मी इथे सांगत नाही. मला सांगायचंय ते शेवटच्या तीन दिवसांबद्दल.

जपानमध्ये आईच्या खाण्याचे हाल झाले. ती पूर्ण शाकाहारी. तिथे वाटीत नुसत्या भाज्या तरंगताना दिसल्या तरी खालचं पाणी सुकवलेल्या माशाचं असतं. त्याला दाशी म्हणतात आणि ती जवळजवळ सगळ्यात असते. दुकानातला तयार भात गरम करून घ्यायचा, घरून नेलेलं मेतकूट आणि दही कालवायचं, यावर आठ दिवस काढले. आतमध्ये उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ असलेला भाताचा त्रिकोणी गोळा तिला आवडला, पण गोळ्यांवर किती दिवस राहणार? म्हणून परतीच्या वाटेवर एक रात्र देवळात राहायचं मी ठरवलं होतं. भिक्षूंच्या जेवणात मासा नसतो, मांस नसतं, कांदालसूणही नसतो. ते देऊळ होतं ओसोरेझानचं, होन्शू बेटाच्या अगदी उत्तर टोकाशी, शिमोकिता द्वीपकल्पावर. ज्वालामुखीच्या खोलगटात एक सरोवर आणि त्याच्या काठावर देऊळ. मे ते ऑक्टोबर एवढंच उघडं असतं, नंतर बर्फ. साप्पोरोच्या हॉटेलातल्या मुलीने माझ्यासाठी तिकडे फोन लावला, दोन माणसं, एक रात्र, असं सांगितलं आणि संध्याकाळच्या जेवणाच्या बरंच आधी पोचा असा निरोप मला दिला.

ओसोरेझान म्हणजे भीतीचा डोंगर, आणि तिकडचे लोक त्याला मेलेल्यांचा उंबरठा मानतात, हे मी वाचलं होतं. तिथे लहान मुलांसाठी दगड रचतात हेही वाचलं होतं. तरी त्याचा आईशी काही संबंध लागेल हे माझ्या मनात आलं नाही. यायला हवं होतं.

पंधराच्या संध्याकाळी आम्ही हाकोदातेच्या ३३४ मीटरच्या डोंगरावर गेलो. दोन्ही बाजूंनी समुद्र आत घुसलाय आणि मध्ये शहराची कंबर बारीक झाली आहे, त्या बारीक पट्टीवर दिवे लागत गेले. गर्दी खूप होती, वारा बोचत होता. बघण्यासारखं होतं, पण तिथे आम्ही अर्धा तासच थांबलो. खाली उतरल्यावर आईने होक्काइदोच्या दुधाची एक पिशवी घ्यायला लावली. "उद्या कोजागिरी आहे," ती म्हणाली. माझ्या लक्षातही नव्हतं. तिने घरून निघतानाच दूधमसाल्याची पुडी पिशवीत टाकलेली होती.

सोळाला सकाळची शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन. हाकोदातेच्या मुख्य स्टेशनातून ती सुटत नाही, लोकलने शिन-हाकोदाते-होकुतोला जावं लागतं. थोड्याच वेळात गाडी सेइकान बोगद्यात शिरते. ५३.८५ किलोमीटरचा बोगदा, त्यातले २३.३ किलोमीटर समुद्राच्या खाली, सर्वांत खोल जागी पाण्याच्या पातळीपासून २४० मीटर. तो १९८८ मध्ये सुरू झाला. त्याआधी ही सामुद्रधुनी बोटीने ओलांडायची. २६ सप्टेंबर १९५४ च्या वादळात तोया मारू नावाची बोट हाकोदातेच्या बंदराबाहेरच उलटली आणि अकराशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर बोगद्याच्या मागणीने जोर धरला. खणताना आणखी ३४ कामगार गेले. हे सगळं मी आईला सांगत होते, खिडकीबाहेर काळोख होता, तिच्या कानांना दडे बसले होते. ती म्हणाली, "म्हणजे आपण त्यांच्या खालून चाललोय." पंचवीसेक मिनिटांनी एकदम ऊन आलं.

पुढे आओमोरी, मग नोहेजी, आणि नोहेजीहून ओमिनातोची डिझेल गाडी. नकाशात शिमोकिता कुऱ्हाडीसारखं दिसतं, आणि ही गाडी कुऱ्हाडीच्या दांड्यावरून पात्याकडे जाते. डावीकडे मुत्सूचा उपसागर इतका जवळ की मधूनमधून रुळांखालीच पाणी आहे असं वाटतं. डब्यात शाळेची मुलं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या दोन म्हाताऱ्या आणि आम्ही. शिमोकिता स्टेशनवर पाटी आहे, होन्शूवरचं सर्वांत उत्तरेकडचं स्टेशन. आईने पाटीखाली उभं राहून बाबांसाठी फोटो काढून घेतला.

तिथून बस. रस्ता हिबाच्या जंगलातून चढत जातो. हिबा हे देवदारासारखं सुवासिक लाकडाचं झाड. रस्त्याकडेला थोड्या थोड्या अंतरावर दगडी मूर्ती उभ्या होत्या. बसमध्ये बाईच्या आवाजात काहीतरी लांबच लांब लावलं होतं, शब्द कळत नव्हते पण सूर रडवेला होता. वाटेत एका झऱ्यापाशी ड्रायव्हरने बस थांबवली आणि सगळे उतरले. एक पेला प्यायलात तर दहा वर्षांनी तरुण होता, दोन प्यायलात तर वीस, तीन प्यायलात तर मरेपर्यंत तरुण राहता, अशी समजूत. आई एकच पेला प्यायली. "मला दहा पुरे," म्हणाली.

वळण संपलं आणि आधी वास आला. गंधकाचा, कुजक्या अंड्यासारखा. मग उसोरी सरोवर, दुधी निळं, हालचाल नसलेलं. मग एका ओढ्यावरचा लाल कमानीचा पूल. हा ओढा म्हणजे सान्झू नदी, मेल्यावर ओलांडायची नदी. काठावर एका म्हातारीची दगडी मूर्ती बसलेली आहे. मेलेल्यांचे कपडे ती उतरवून घेते, तिच्या शेजारचा म्हातारा ते झाडाला टांगतो, आणि फांदी किती वाकते यावरून पाप किती ते ठरतं. आईला वैतरणी सांगायची गरज पडली नाही. "आपल्याकडे गाईचं शेपूट धरून जातात," ती म्हणाली, "हे लोक काय धरतात?" मला उत्तर येत नव्हतं.

खोलीत पिशव्या टाकून आम्ही लगेच बाहेर पडलो, कारण ऊन कलत होतं. देवळाच्या आवाराच्या डाव्या अंगाला सगळी जमीन भाजल्यासारखी आहे. राखाडी, पिवळी, पांढरी. खडकांच्या भेगांतून वाफ येते, मधूनच बुडबुड ऐकू येते. गवताचं पातं नाही. आणि त्या सगळ्यात भिरभिरी. लाल, गुलाबी, निळी, प्लॅस्टिकची, जत्रेत मिळतात तशीच. खडीत खोचलेली, दगडांच्या ढिगांमध्ये उभी केलेली. वारा आला की एकदम करकर सुरू व्हायची आणि वारा पडला की सगळी थांबायची.

एका खडकाच्या आडोशाला हातभर उंचीच्या दगडी मूर्ती ओळीने उभ्या होत्या. गोल डोकी, मिटलेले डोळे. आई थांबली. वाकून बघायला लागली. मग तिने हात पुढे केला आणि एका मूर्तीच्या गळ्यातलं लाल फडकं बोटांत धरलं.

"अगं, हे लाळेरं आहे," ती म्हणाली.

खरंच लाळेरं होतं. कडेला दोरा भरलेला, मागे नाडीची गाठ. उन्हापावसाने लाल रंग विटून विटकरी झालेला. शेजारच्या मूर्तीला लोकरीचं टोपडं होतं, हाताने विणलेलं, एका बाजूला टाका सुटलेला. आईने तो सुटलेला दोरा आत खोचायचा प्रयत्न केला. मग विचारलं, "देवाला लाळेरं का घालतात?"

मी सांगितलं. हा जिझो. मूळचा आपल्याकडचाच, संस्कृतात त्याचं नाव क्षितिगर्भ. आईबापांच्या आधी गेलेली मुलं नदी ओलांडू शकत नाहीत, कारण त्यांच्या गाठीला पुण्य नसतं. ती काठावर दगडांवर दगड रचत बसतात, एक आईसाठी, एक बाबांसाठी. रात्री राक्षस येऊन ते पाडतात. सकाळी परत रचायचं. मग जिझो येतो आणि त्यांना आपल्या झग्याच्या बाह्यांत लपवतो. म्हणून लोक त्याला बाळाचे कपडे घालतात. आणि येणारा जाणारा एकेक दगड वर ठेवून जातो, तेवढंच त्या मुलांचं काम हलकं.

"काय नाव म्हणालीस?"

"क्षितिगर्भ."

"क्षिती म्हणजे जमीन," आई म्हणाली. मराठीच्या मास्तरांची बायको आहे ती. "जमिनीच्या पोटात ठेवून घेणारा."

मग ती खाली बसली. गुडघे दुमडून, जमिनीवर, साडीवर जॅकेट घातलेलं होतं तशीच. आणि दगड रचायला लागली. मोठा खाली, मग त्याहून लहान, मग चपटा. मी उभीच होते. मला तेव्हा सगळं एकदम आठवलं. सहावीत असताना आत्या बोलून गेली होती, "तुझ्याआधी एक झाला होता गं." मी आईला विचारलं होतं आणि आई म्हणाली होती, पोळ्या व्हायच्यात. त्यानंतर मी कधी विचारलं नाही, आणि घरात कोणी कधी बोललंही नाही.

"अकरा दिवसांचा होता," दगडांकडे बघत ती म्हणाली. "माहेरी होते मी. एक्क्याऐंशी साली. नवव्या दिवशी त्याने दूध सोडलं. बाराव्या दिवशी बारसं होतं, पाळणा धुऊन वाळत घातला होता."

आपल्याकडे इतक्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. त्याला पिंड नाही, श्राद्ध नाही, पितृपक्षात त्याची तिथी नाही. असं म्हणतात की एवढ्या लहान जिवाला त्याची गरजच नसते, त्याने पाप केलेलं नसतं. मी हा विचार पूर्वी ऐकला होता आणि तो मला चांगला वाटला होता. पण आईला गरज होती की नाही, हे कोणी विचारलं नाही. ती ओली बाळंतीण, खोलीच्या बाहेर यायची नाही. तिचे वडील, म्हणजे दादा, आणि माझे बाबा बाळाला घेऊन गेले आणि परत येऊन विहिरीवर अंघोळ करून आत आले. कुठे ठेवलं हे तिला कोणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. सासूसासऱ्यांची तिथी आजवर तिने एकदाही चुकवलेली नाही, कावळा शिवेपर्यंत ती पाणी पीत नाही. तीच बाई ४३ वर्षं या एका नावाशिवाय राहिली.

सात दगड झाले. आठवा बसेना, तो तिने काढून बाजूला ठेवला.

देवळाच्या काउंटरवर एक तरुण भिक्षू होता. तिथे मेलेल्या माणसाच्या नावाने पाठ करवून घेता येतो. लाकडाच्या लांब पातळ पट्टीवर नाव लिहितात. तिला तोबा म्हणतात, आपल्या स्तूप या शब्दाचंच ते घासून घासून झालेलं रूप. अर्जात रकाने होते. गेलेल्याचं नाव, नातं, करवून घेणाऱ्याचं नाव. मी फोनवरचं भाषांतर त्याच्यासमोर धरून सांगितलं की बाळ होतं, नाव ठेवलेलं नव्हतं. त्याने मान हलवली. नाव नसलं तरी चालतं, अशा मुलांसाठी वेगळा शब्द आहे, मिझुको, म्हणजे पाण्यातलं मूल, तो लिहितात. त्याने पेन उचललं.

"थांब," आई मला म्हणाली. "नाव आहे."

तिने अर्ज आपल्याकडे ओढला आणि नावाच्या रकान्यात देवनागरीत लिहिलं. तीन अक्षरं. शिरोरेघ शेवटी, एका झटक्यात, ती नेहमी ओढते तशी. मी ते नाव इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. एवढंच सांगते की आमच्या घरात, भावकीत, कोणाचंच ते नाव नाही. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आत्याने नेमकं तेच सुचवलं होतं आणि आईने हट्टाने दुसरं ठेवलं होतं, ही गोष्ट घरात हसत सांगतात. त्याचं कारण मला त्या काउंटरपाशी कळलं.

भिक्षूने ते वाचून दाखवायला सांगितलं. आईने उच्चारलं. त्याने काताकाना लिपीत लिहिलं, तीन अक्षरांना तिथे चार चिन्हं आणि मध्ये एक आडवी रेघ आली, आणि मग त्याने मोठ्याने वाचलं. मधला इकार त्याने लांबवला. ती आडवी रेघ लांबवण्यासाठीच असते, हे मला सहलीपूर्वी पाठ केलेल्या लिपीमुळे कळलं. आईला लिपी कळत नव्हती पण उच्चार ऐकू आला. "नाही, नाही. ह्रस्व," ती मराठीतच म्हणाली आणि दोन बोटं जवळ आणून दाखवली, थोडंसं, एवढंच. त्याला समजलं. त्याने रेघ खोडली नाही, अख्खा नवा कागद घेतला आणि पुन्हा लिहिलं. परत वाचलं. आईने मान डोलावली.

तर आमच्या घरातल्या पहिल्या मुलाचं नाव कोणाला तरी दिसेल असं पहिल्यांदा लिहिलं गेलं ते तिथे.

"आता डोक्यावरून अंघोळ करायला हवी," आई बाहेर आल्यावर म्हणाली. आवारातच लाकडी खोपटी आहेत, आत गंधकाच्या गरम पाण्याच्या टाक्या, एक बायकांसाठी. सहलीच्या सुरुवातीला नोबोरिबेत्सूच्या गरम पाण्याच्या कुंडांवर तिने चारचौघींसमोर कपडे काढायला साफ नकार दिला होता. इथे आत कोणी नव्हतं. आधी बाहेर बसून बादलीने पाणी घेऊन अंग धुवायचं, मगच टाकीत उतरायचं, हा तिथला नियम तिला सांगावा लागला नाही. तिने केस सोडले आणि एकेक बादली डोक्यावर ओतत राहिली. मी पाठ चोळून दिली. टाकीत फार वेळ बसायचं नसतं, वाफेत गंधक असतो, खिडकी उघडी ठेवायची असते. आम्ही दहा मिनिटांत बाहेर आलो.

जेवणाला मोठ्या दालनात सगळे एकत्र बसले. सुरुवातीला सर्वांनी हात जोडून कागदावरचं काहीतरी म्हटलं, हे अन्न कुठून आलं, किती जणांच्या कष्टाने आलं याचा विचार करा, अशा अर्थाचं. आपण जेवणाआधी श्लोक म्हणतो तसंच. समोर तिळाच्या लगद्याची वडी, डोंगरातल्या भाज्या, टोफू, मशरूम, कोन्बू म्हणजे समुद्रातल्या शेवाळाच्या पाण्यातलं सार, भात, लोणचं. आईने भात दुसऱ्यांदा मागून घेतला. आठ दिवसांत पहिल्यांदा.

नऊच्या सुमारास आम्ही जॅकेटं घालून अंगणात आलो. थंडी कडक होती. ढग विरळ होते आणि चंद्र सरोवराच्या बाजूने बराच वर आलेला. दूध गरम करायची सोय नव्हती. कागदी पेल्यांत थंडच ओतलं, वर मसाला टाकला. तो विरघळला नाही, वरच तरंगत राहिला, केशराची एक काडी तेवढी पिवळी रेघ सोडत खाली गेली. आईने पेला चंद्राकडे धरून पाहिला, जायफळाचा वास घेतला. आवाज फक्त वाफेचा. लांबवर एखादं भिरभिरं मधूनच करकरायचं.

"त्याने सोडलं, पण मला पंधरा दिवस दूध येत होतं," ती म्हणाली. "आईने कोबीची पानं बांधली होती. सगळे म्हणायचे, रडू नकोस, पुढचं होईल. दूध येत राहिलं की रडू कसं नको येणार गं?"

मी काही बोलले नाही. तिचा हात धरला, तो थंड पडला होता. आम्ही दूध संपवलं आणि आत गेलो.

सकाळी साडेसहाला प्रार्थना. आधी जिझोच्या देवळात. आम्ही मागे गाद्यांवर बसलो. ढोल, घंटा, सूत्रं. मग भिक्षूने लाकडी पट्ट्यांवरची नावं वाचायला सुरुवात केली. जपानी नावं एकामागोमाग एक, एका सुरात, न थांबता, नाव आणि नाव आणि नाव. मी लक्ष देऊन ऐकत होते तरी मला वाटलं निसटलं. आणि मग ते आलं. ह्रस्व. त्याच सुरात, इतर नावांच्या रांगेत, आधी एक नाव आणि नंतर एक नाव. आई पुढे झुकली. कोणी हाक मारली की माणूस जसा वळतो तशी. मग डोकं गादीपर्यंत टेकवून तिने नमस्कार केला आणि बराच वेळ उठली नाही. शेजारच्या एका वयस्क बाईने काही न बोलता आपला रुमाल आईच्या गुडघ्यापाशी ठेवला.

निघायच्या आधी आम्ही सरोवराच्या काठी गेलो. पांढरी वाळू आहे, तिला स्वर्गाचा किनारा म्हणतात. आईने दुकानातून एक निळं भिरभिरं घेतलं होतं. वाळूत खोचलं. वारा अजिबात नव्हता. ती वाकली आणि रांगत्या पोरासमोर आपण घालतो तशी त्याच्यावर फुंकर घातली. दोनतीन फेरे झाले आणि ते थांबलं. तिने परत घातली.

तिथला दगड उचलून आणू नये म्हणतात. आम्ही काही आणलं नाही.

पुढचं भराभर झालं. बस, ओमिनातोची गाडी, हाचिनोहे, मग शिंकान्सेन, मोरिओकानंतर ताशी ३२० किलोमीटर. आई खिडकीला डोकं टेकवून झोपली. रात्री उएनोला मुक्काम, अठराला सकाळी बाबांसाठी तिळाच्या वड्या आणि एक चांगली छत्री घेतली, मग नारिता. बॅगा काउंटरवर आमची वाट बघत होत्या, मांजरीच्या पावत्या चिकटवलेल्या. सुरक्षा तपासणीत बूट काढावे लागले तेव्हा मला दिसलं की आईची चांदीची जोडवी काळी ठिक्कर पडली आहेत. गंधकाने पडतात. "घरी गेल्यावर चिंचेने घासू," मी म्हटलं. "असू देत आत्ता," ती म्हणाली.

गेटपाशी बाबांचा फोन आला. भारतात जेवणाची वेळ झाली होती. सामान मिळालं का, खाल्लं का, विमान वेळेवर आहे का. आजूबाजूला घोषणा चालू होत्या म्हणून आईने स्पीकर लावून फोन दोन्ही हातांत धरला होता.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही आणि दादा त्याला कुठे ठेवून आलात?"

पलीकडे काही ऐकू येईना. मला वाटलं फोन कटला. मग बाबांचा खाकरल्याचा आवाज आला.

"ओढ्याच्या अल्याड. तुमच्या आंबराईच्या कोपऱ्यात, कुंपणाला लागून," ते म्हणाले. "वर दगड रचले होते मी. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून. दोनतीनदा जाऊन नीट लावून आलो होतो. तुला सांगितलं नाही."

"किती दगड?"

"आता आठवत नाही गं."

आईने पदराने नाक पुसलं. "त्याच्या नावाने पाठ केला मी काल. देवळात."

"नावाने?"

"मी ठेवलं होतं. मनात."

"काय?"

तिने सांगितलं. बाबांनी ते एकदा हळू म्हणून पाहिलं, मग पुन्हा एकदा. मागे पंख्याची घरघर येत होती. त्यांनी एकतीस वर्षं शाळेत मुलांच्या वह्या तपासल्या आहेत.

"वेलांटी पहिली की दुसरी?" त्यांनी विचारलं.

"पहिली," आई म्हणाली.